गाणी लावून पाठांतर होते का? मानसशास्त्रातील पहिले छोटे संशोधन कसे करावे

परीक्षेचे दिवस जवळ आले की अनेक घरांत एक वाद ठरलेला असतो. कानात इअरफोन घालून पुस्तक उघडून बसलेल्या मुलाला आई म्हणते, "आधी ते कानातलं काढ", आणि मुलगा म्हणतो की गाणी असली तरच त्याचे लक्ष लागते. दोघेही स्वतःच्या अनुभवावरून बोलतात आणि दोघांचाही अनुभव कोणी तपासून पाहिलेला नसतो. मानसशास्त्र हा विषय नव्याने घेतलेल्या विद्यार्थ्याने पहिल्या प्रकल्पासाठी हाच प्रश्न घ्यावा, असे मी दरवर्षी सुचवतो. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत, कोणाला इजा होत नाही आणि संशोधनपद्धतीतील बहुतेक मूलभूत संकल्पना या एकाच प्रश्नाच्या वाटेवर भेटतात. पाठ्यपुस्तकात त्या व्याख्यांच्या रूपात असतात आणि उत्तरपत्रिकेत उतरवल्या की विसरल्या जातात. स्वतः प्रयोग उभा करताना मात्र प्रत्येक व्याख्या कोणत्या अडचणीतून निघाली, हे लक्षात येते.

प्रश्न मोजता येईल असा करणे

"गाण्यांचा अभ्यासावर परिणाम होतो का?" हा प्रश्न बोलण्यापुरता ठीक आहे, पण त्यावर संशोधन करता येत नाही. गाणी म्हणजे कोणती? शब्द असलेली की केवळ वाद्यसंगीत, ओळखीची की पूर्वी न ऐकलेली, किती मोठ्या आवाजात? आणि अभ्यास म्हणजे तरी काय? धडा समजणे, गणित सोडवणे आणि सनावळ्या पाठ करणे ही तीन वेगळी कामे आहेत. म्हणून अमूर्त कल्पनेला मोजता येईल अशा कृतीचे रूप द्यावे लागते आणि तिलाच कार्यात्मक व्याख्या म्हणतात. आपण असे ठरवू, की "गाणी" म्हणजे मराठी शब्द असलेले एकच गाणे, ठरावीक आवाजात, हेडफोनवर. आणि "पाठांतर" म्हणजे पडद्यावर एकामागून एक दिसलेले आठ शब्द त्याच क्रमाने लिहून काढणे.

आपण काय मोजतो यावर उत्तर कसे ठरते, हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या कामात फार चांगले दिसते. स्मृतीवरील त्याचे संशोधन 1885 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात प्रयोगकर्ता तोच आणि प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो ती व्यक्ती, तोही तोच होता. ओळखीच्या शब्दांना आधीचे संबंध चिकटलेले असतात, म्हणून त्याने दोन व्यंजनांमध्ये एक स्वर अशा रचनेची सुमारे 2300 निरर्थक पदे तयार केली आणि त्यांच्या याद्या पाठ केल्या. काही काळाने किती पदे आठवतात, एवढेच मोजले असते तर अनेकदा उत्तर शून्याजवळ आले असते. त्याने तीच यादी पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी वेळ लागतो, हे मोजले. पूर्ण विसरल्यासारखे वाटणारेही थोडे शिल्लक असते, हे त्या बचतीच्या मापामुळे दिसले.

व्याख्या ठरली की गृहीतक लिहावे, आणि ते खोटे ठरू शकेल अशा भाषेत लिहावे. "गाण्यांचा काही ना काही परिणाम होत असावा" हे वाक्य कोणत्याही निकालाने खोटे ठरत नाही, त्यामुळे ते निरुपयोगी आहे. "शब्द असलेले गाणे कानावर पडत असताना क्रमाने आठवलेल्या शब्दांची संख्या शांततेतल्या संख्येपेक्षा कमी भरेल" हे गृहीतक झाले. त्याच्या समोर शून्य गृहीतक उभे असते, ते म्हणजे दोन्ही स्थितींत खरा फरक नाही आणि जो दिसतो तो योगायोगाचा आहे. ही दिशा मी हवेतून घेतलेली नाही. कॉल आणि वेल्श यांनी 1976 मध्ये दाखवले होते की पाठांतराच्या वेळी मागे चाललेला जर्मन उतारा, ऐकणाऱ्यांना जर्मन समजत नसतानाही, अक्षरांचा क्रम आठवण्यात अडथळा आणतो. सालामे आणि बॅडली यांनी 1989 मध्ये संगीत घेऊन पाहिले, तेव्हा गायन हे वाद्यसंगीतापेक्षा अधिक अडथळा आणणारे ठरले.

सर्वेक्षणाचा मोह

येथे बहुतेक विद्यार्थी सोपा मार्ग सुचवतात: शंभर जणांना प्रश्नावली द्यावी, "तुम्ही गाणी ऐकत अभ्यास करता का?" आणि "गेल्या परीक्षेत किती टक्के मिळाले?" असे विचारावे आणि दोन्ही उत्तरे ताडून पाहावीत. हा सहसंबंधाचा अभ्यास झाला. सहसंबंध गुणांक उणे 1 ते अधिक 1 या मर्यादेत असतो. चिन्हावरून दिशा कळते आणि आकड्यावरून संबंधाची घट्टता. म्हणजे उणे 0.7 हा संबंध अधिक 0.3 पेक्षा घट्ट असतो. परीक्षेत नेमके येथेच विद्यार्थी चुकतात.

समजा, गाणी ऐकणाऱ्यांचे गुण खरोखरच कमी निघाले. तेवढ्यावरून गाण्यांनी गुण घटवले असे म्हणता येत नाही. अभ्यासात ज्याचे मन आधीच लागत नाही, तोच कंटाळा घालवायला गाणी लावत असेल. किंवा दोन खोल्यांच्या घरात बाहेर दूरदर्शनसंच मोठ्याने चालू असतो, तो आवाज बुजवायला मुलगी हेडफोन लावते आणि तिचे गुण कमी होतात ते घरात शांत कोपरा नाही म्हणून. या दुसऱ्या शक्यतेत घरातला गोंगाट हा तिसरा घटक गाण्यांनाही कारण आहे आणि गुणांनाही. प्रश्नावली कितीही काळजीपूर्वक तयार केली, तरी ही गाठ तिच्याने सुटत नाही. शिवाय आपले टक्के सांगताना माणसे थोडे वर सरकतात, हे वेगळेच.

याचा अर्थ प्रयोगाखेरीज इतर पद्धती दुय्यम आहेत असा नाही. 15 जानेवारी 1934 रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा जमुना प्रसाद यांनी लोकांत पसरलेल्या अफवा गोळा करून त्यांचा अभ्यास 1935 मध्ये प्रसिद्ध केला. ज्या भागात धक्का जाणवला पण हानी झाली नव्हती, तेथेही याहून भयंकर संकट येणार आहे अशा अफवा पसरत होत्या. जे आधीच घाबरलेले आहेत ते आणखी भीती वाढवणाऱ्या गोष्टींवर का विश्वास ठेवतात, हे कोडे लिऑन फेस्टिंगरला पडले आणि 1957 मध्ये त्याने मांडलेल्या बोधात्मक विसंगतीच्या सिद्धांताच्या (मनातल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नसल्या की माणूस त्या जुळवून घेऊ पाहतो) मुळाशी हे निरीक्षण होते. भूकंप कोणी प्रयोगशाळेत घडवू शकत नाही. तेथे निरीक्षण हाच मार्ग असतो. तसेच व्यक्ती-अभ्यासाचे. 1953 मध्ये अपस्मारावरील शस्त्रक्रियेत मेंदूच्या दोन्ही बाजूंचा काही भाग काढल्यावर हेन्री मोलायसन या अमेरिकी रुग्णाला नव्या घटना लक्षात ठेवणे अशक्य झाले, पण आरशात पाहून आकृती गिरवण्याचे कौशल्य मात्र त्याचे दिवसागणिक सुधारत गेले, आणि आपण हे पूर्वी केले आहे हे त्याला आठवतही नसे. स्मृती एकसंध नसते, हे या एका माणसाने दाखवून दिले. आपला प्रश्न मात्र "यामुळे ते होते का?" अशा स्वरूपाचा आहे आणि परिस्थिती बदलणे आपल्या हातात आहे, म्हणून प्रयोगच करावा.

प्रयोगाचा आराखडा

प्रयोगकर्ता जे हेतुपुरस्सर बदलतो ते स्वतंत्र चल, आणि त्या बदलामुळे जे बदलते का हे पाहायचे ते आश्रित चल. काही मराठी पुस्तकांत चल या शब्दाऐवजी परिवर्तक हा शब्द असतो. आपले स्वतंत्र चल म्हणजे कानावर पडणारा आवाज, आणि त्याच्या दोन पातळ्या आहेत: शांतता आणि गाणे. आश्रित चल म्हणजे योग्य जागी लिहिलेल्या शब्दांची संख्या. बाकी जे काही निकाल बिघडवू शकते, ते नियंत्रणात ठेवावे लागते. उदाहरणार्थ, गाण्याच्या स्थितीत हेडफोन आणि शांततेच्या स्थितीत उघडे कान असे केले, तर फरक गाण्याचा की हेडफोनच्या दाबाचा हे सांगता येणार नाही. म्हणून शांततेतही हेडफोन घालूनच बसवावे, फक्त त्यातून काही वाजू नये.

यानंतर गटांचा प्रश्न येतो. दोन वेगळे गट घेतले तर एका गटात स्मरणशक्ती चांगली असलेले जास्त येण्याचा धोका असतो. त्यावर उपाय यादृच्छिक विभागणीचा, म्हणजे चिठ्ठ्या टाकून गट ठरवण्याचा. पुढचे तीन बाक एका गटात आणि मागचे तीन दुसऱ्या गटात ही विभागणी यादृच्छिक नव्हे. पुढे कोण बसते आणि मागे कोण, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते. चिठ्ठ्यांची ही विभागणी आणि नमुन्याची यादृच्छिक निवड या दोन गोष्टींची गल्लत करू नये. निवडीमुळे निष्कर्ष मोठ्या समष्टीला, म्हणजे ज्यांच्यातून नमुना घेतला त्या सगळ्यांना, लावता येतो, विभागणीमुळे दोन गट तुल्यबळ होतात. महाविद्यालयीन प्रकल्पात निवड बहुधा सोयीची असते, पण विभागणी नीट करण्यास कोणतीच अडचण नसते.

लहान प्रकल्पासाठी मी तेच प्रयुक्त दोन्ही स्थितींत घेण्याचा सल्ला देतो, कारण मग प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. मात्र दुसऱ्या फेरीपर्यंत सराव झालेला असतो किंवा कंटाळा आलेला असतो, त्यामुळे अर्ध्यांना आधी शांतता आणि अर्ध्यांना आधी गाणे द्यावे. यादीचे दोन संच असतील तर तेही आलटून पालटून द्यावेत, कारण एक संच नकळत सोपा असू शकतो. या प्रतिसंतुलनातून चार क्रम तयार होतात, म्हणून प्रयुक्तांची संख्या चारच्या पटीत घ्यावी आणि कोणाला कोणता क्रम मिळेल हे चिठ्ठीने ठरवावे.

आता प्रत्यक्ष याद्या. प्रत्येक स्थितीसाठी आठ शब्दांच्या पाच, म्हणजे एकूण दहा याद्या आणि 80 शब्द लागतील. हे काम अर्ध्या तासात उरकते असे सगळ्यांना वाटते. पहिल्या खर्ड्यात बहुधा "ताट, वाटी, पेला, चमचा" अशी रांग येते. ती आठवताना प्रयुक्ताला स्मृतीची गरजच पडत नाही, स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणले की झाले. दुसऱ्या खर्ड्यात "माती, पाती, वाती, छाती" असे ध्वनिसाम्य शिरते आणि सारखे ऐकू येणारे शब्द क्रमाने आठवणे मुळातच कठीण असल्याने ती यादी इतर याद्यांपेक्षा जड होते. चालण्याजोगी यादी साधारण अशी असावी: दगड, खिडकी, पतंग, साबण, मोगरा, हातोडा, उशी, रताळे. सगळे शब्द रोजच्या वापरातले, वस्तूंची नावे असलेले, लांबीने जवळपास सारखे आणि एकमेकांशी फारसा संबंध नसलेले. यादीच्या सुरुवातीचे आणि शेवटचे शब्द मधल्या शब्दांपेक्षा बरे आठवतात हा स्मृतीचा जुना परिचित नियम आहे. म्हणून गुणांची बेरीज करताना प्रत्येक स्थानाचा वेगळा हिशेब ठेवला, तर गाण्याचा फटका नेमका कोठे बसतो तेही दिसेल.

प्रयोगकर्त्याचाच उपद्रव

एका वर्षी माझ्या वर्गातील एका गटाने शब्द पडद्यावर न दाखवता स्वतः मोठ्याने वाचले होते. निकाल अपेक्षेप्रमाणे आला, फरकही चांगला मोठा होता, आणि सगळे खूश होते. मग एकाने काढलेले ध्वनिमुद्रण आम्ही ऐकले. शांततेच्या फेरीत वाचणारी मुलगी प्रत्येक शब्दानंतर छान थांबत होती आणि गाण्याच्या फेरीत तीच भराभर पुढे जात होती. तिला याची अजिबात जाणीव नव्हती. प्रयोग पहिल्यापासून पुन्हा करावा लागला आणि मी आराखडा आधी नीट तपासला नव्हता, हा दोष माझाच होता.

बर्लिनमधील हान्स नावाच्या घोड्याची गोष्ट यासाठीच सांगतात. तो खूर आपटून बेरजा-वजाबाक्यांची उत्तरे देत असे आणि त्याच्या मालकाने कोणतीही लबाडी केलेली नव्हती. ऑस्कर फुंग्स्टने 1907 मध्ये शोधून काढले की प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर ठाऊक नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर घोडा चुकतो. योग्य आकडा येताच विचारणाऱ्याच्या डोक्याची किंचित हालचाल होई आणि घोडा ती टिपत असे. आपल्या प्रयोगात यावर उपाय सोपा आहे. शब्द संगणकावर किंवा मोबाइलवर दर दोन सेकंदांनी एक असे आपोआप बदलू द्यावेत, सूचना लिहून काढून प्रत्येकाला त्याच शब्दांत वाचून दाखवाव्यात, आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला कोणती पत्रिका कोणत्या स्थितीतली आहे हे कळू देऊ नये.

प्रयुक्तही काही मुकाट नसतो. त्याला हेतूचा वास लागला की तो मदत करायला निघतो, आणि आपल्याकडे तर मित्राचा प्रकल्प चांगला व्हावा म्हणून मुद्दाम दोन शब्द कमी लिहिणारेही भेटतात. म्हणून गृहीतक आधी सांगू नये. "स्मरणावरील एक प्रयोग आहे" इतके सांगणे पुरेसे आणि खरे आहे. मुख्य प्रयोगापूर्वी तीन-चार जणांवर चाचणी-प्रयोग करून पाहावा. सर्वांनाच आठही शब्द आठवत असतील तर यादी सोपी आहे, आणि मग फरक दिसायला जागाच उरत नाही.

संमतीचा भाग औपचारिकता म्हणून उरकू नये. 1920 मध्ये वॉटसन आणि रेनर यांनी वर्षाचाही न झालेल्या बालकाच्या मनात पांढऱ्या उंदराची भीती निर्माण केली आणि ती काढून न टाकताच प्रयोग संपवला. स्टॅनली मिलग्रमने 1963 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 40 पैकी 26 जणांनी आज्ञेवरून 450 व्होल्टपर्यंतची कळ दाबली. धक्के खोटे होते, पण त्या माणसांना झालेला ताण खरा होता. आज असे प्रयोग कोणतीही नैतिकता समिती जसेच्या तसे मंजूर करणार नाही. आपल्या प्रकल्पात प्रयुक्ताला कोणत्याही क्षणी उठून जाता येईल हे आधी सांगावे, अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती घ्यावी, नावाऐवजी क्रमांक लिहावा आणि शेवटी खरा हेतू समजावून सांगावा. कमी शब्द आठवलेल्या मुलाला ही बुद्धीची चाचणी नव्हती हे स्पष्ट शब्दांत सांगावे. तो विचारत नसला तरी त्याच्या मनात ते असते.

आकडे आल्यावर

समजा आठ प्रयुक्त झाले आणि प्रत्येकाच्या शांततेतल्या गुणांतून गाण्यातले गुण वजा केल्यावर 5, 3, 4, उणे 1, 6, 2, 0 आणि 5 असे फरक आले. हे आकडे मी केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत. बेरीज 24, सरासरी 3. म्हणजे 40 शब्दांपैकी सरासरी तीन शब्द गाण्याच्या वेळी कमी आठवले. सरासरीवर थांबू नये. एकाचे गुण गाण्यात वाढले आहेत आणि एकाला काहीच फरक पडलेला नाही, हे त्याच रांगेत लिहिलेले आहे.

हा फरक योगायोगाने येऊ शकतो का? सर्वांत साधी कसोटी चिन्हांची. शून्य वगळले तर सातपैकी सहा जणांचा फरक अपेक्षित दिशेने आहे. नाणे सात वेळा उडवले तर सहा किंवा त्याहून जास्त छाप पडण्याची शक्यता 128 मध्ये 8, म्हणजे 6.25 टक्के. मानसशास्त्रात रूढ असलेली मर्यादा 5 टक्क्यांची आहे, म्हणून या कसोटीने शून्य गृहीतक नाकारता येत नाही. आता त्याच आकड्यांना टी-कसोटी, म्हणजे सरासरी फरक आकड्यांच्या चढउताराशी ताडून पाहणारी कसोटी, लावली, तर टीचे मूल्य सुमारे 3.39 येते, आठ प्रयुक्तांसाठी, दोन्ही दिशा धरून, लागणारे मूल्य 2.365 असते, म्हणून शून्य गृहीतक नाकारले जाते. आकडे तेच असताना निकाल उलट. चिन्ह-कसोटी फक्त दिशा पाहते, टी-कसोटी फरकाचा आकारही हिशेबात घेते, त्यामुळे हे घडते आणि त्यात गैर काही नाही. गैर ते तेव्हा होते, जेव्हा विद्यार्थी दोन्ही लावून पाहतो आणि सोयीची तेवढी लिहितो. कोणती कसोटी लावायची, कोणाच्या पत्रिका बाद धरायच्या आणि किती प्रयुक्त झाले की थांबायचे, हे पहिला प्रयुक्त बसवण्यापूर्वी तारखेसह जर्नलमध्ये लिहून ठेवावे. 2015 मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातील 100 प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा मूळ अभ्यासांपैकी 97 टक्क्यांत लक्षणीय, म्हणजे शून्य गृहीतक नाकारणारा, निकाल होता आणि पुनरावृत्तीत तो सुमारे 36 टक्क्यांतच मिळाला. नंतर निवडलेली सोयीची कसोटी हे त्यामागचे एक कारण मानले जाते. तसेच 5 टक्के या आकड्याचा अर्थ "गृहीतक 95 टक्के खरे" असा नाही. खरा फरक अजिबात नसता, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक किती वेळा दिसला असता, एवढेच तो सांगतो.

मापन स्वतः किती भरवशाचे होते तेही तपासावे. एका स्थितीतील विषम क्रमांकाच्या याद्यांचे सरासरी गुण आणि सम क्रमांकाच्या याद्यांचे सरासरी गुण यांचा सहसंबंध काढला, की विश्वसनीयतेचा अंदाज येतो. वैधतेचा प्रश्न मात्र गणिताने सुटत नाही. आठ सुटे शब्द क्रमाने लिहिणे हे खऱ्या पाठांतराचे प्रतिनिधित्व कितपत करते, याचा विचार करावाच लागतो. डॉ. व्ही. व्ही. कामत यांना धारवाडमध्ये परदेशी बुद्धिमापन कसोटी मराठी आणि कन्नड मुलांसाठी वापरायची होती, तेव्हा तिचे नुसते भाषांतर करून भागले नाही, येथील मुलांवर ती नव्याने प्रमाणित करावी लागली, ते याच कारणाने. परदेशी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांवरून साऱ्या मानवजातीविषयी विधाने केली जातात, अशी टीका 2010 मध्ये हेन्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. आपल्या एका वर्गातल्या आठ जणांनाही ती लागू होते.

अहवालाच्या निष्कर्षात म्हणून एवढेच लिहावे: "आठ शब्दांच्या याद्या क्रमाने आठवताना, या महाविद्यालयातील आठ विद्यार्थ्यांमध्ये, मराठी शब्द असलेले गाणे चालू असताना सरासरी तीन शब्द कमी आठवले, एका विद्यार्थ्यात याउलट दिसले." घरी आईने विचारलेच, तर सनावळ्या पाठ करताना हेडफोन काढावेत असे सांगण्याइतका आधार त्यात आणि आधीच्या संशोधनात मिळून आहे. गणिते सोडवताना सतार किंवा बासरी चालू असली तर काय होते, यासाठी मात्र नवी कार्यात्मक व्याख्या करून आणि चिठ्ठ्या पुन्हा टाकून दुसरा प्रयोग करावा लागेल.